आडवा पडलेला कैवारी

१

कोनाड्यात फक्त दोन पावले उरली होती.

घोट्यांच्या वरचा सगळा कैवारी खाली फरशीवर पालथा पडला होता. दोन्ही हात फैलावलेले, जणू पडतापडताही तो कुणाला तरी अडवू पाहत होता. त्याच्या काखेखालून एका काळ्या छत्रीची मूठ डोकावत होती.

विश्वस्त संस्थांच्या कचेरीतून आलेल्या चौकशी अधिकारी दारातच थांबल्या. दालनाच्या भिंतींना टेकून आसऱ्यातले रहिवासी उभे होते. बाई येऊन पुरता चहा होण्याइतकाही वेळ झाला नव्हता, पण तेवढ्यात त्यांचे 'चौकशीबाई' असे बारसे उरकलेले होते.

"कुणी हात लावलाय का याला?" बाईंनी विचारले.

"हात लावायची हिंमत कुणाची?" कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली. "ज्यानं लावला त्याचे हात झडतील."

"आक्का, शाप नंतर. आधी साक्ष," तिच्या शेजारचा चष्मेवाला म्हणाला.

गरिबांचे कैवारी चौकशीबाईंनी नोकरीत पुष्कळ पाहिले होते. कुणी अंगावरचा झगा फाडून अर्धा उघड्याला दिलेला, कुणी दुष्काळात राजाचे कोठार फोडलेले, कुणी नुसता भुकेल्यांच्या पंगतीत जाऊन बसलेला. देव असोत की संत, त्यांच्याभोवती गरिबांची गर्दी आणि त्यांच्या जमिनीभोवती श्रीमंतांची, एवढे त्यांच्या पक्के ध्यानात आले होते. इथला कैवारी, रहिवाशांचा 'बाबा', जिवंतपणी हमाल होता म्हणे. एका विधवेला घराबाहेर काढायला धन्याची माणसे आली, तेव्हा तो चौकटीच्या दोन्ही बाजूंना हात लावून तिच्या दारात उभा राहिला आणि मार खाऊनही हलला नाही. मूर्तिकाराने त्याला तसाच घडवला होता. ज्या दानशूर माणसाने निराधारांसाठी हा आसरा बांधला, त्याने कोनाड्याच्या वर दगडात एक ओळ कोरून घेतली होती, आणि संस्थेच्या दानपत्रातही तीच अट घातली होती:

'हा उभा आहे तोवर इथून कुणाला उठवू नये.'

आज हा उभा नव्हता. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक होती, आणि आसऱ्याची जागा विकत घेणारे गिऱ्हाईक कित्येक महिने ताटकळलेले होते. मूर्ती जुनी होऊन आपोआप पडली असेल, तर अट संपली आणि या सगळ्यांचे बिऱ्हाड रस्त्यावर. कुणी पाडली असेल, तर अट कायम. काय घडले हे बाईंनी बैठकीपुढे सांगायचे होते.

बाई गुडघ्यांवर बसल्या. दोघांच्या मदतीने त्यांनी मूर्ती अलगद कुशीवर वळवली, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. छातीएवढ्या उंचीची भरीव लाकडाची मूर्ती तोंडावर पडते, आणि तिचे सरळ नाक शाबूत? पसरलेल्या हातांचे एकही बोट मोडलेले नाही?

नाकाच्या शेंड्याला करड्या लोकरीचा एक धागा चिकटला होता.

हा पडला नव्हता. याला कुणीतरी निजवले होते.

२

"छत्री माझीच आहे," व्यवस्थापक म्हणाले. "नाकबूल कशाला करू? मुठीला दोरा मीच गुंडाळलाय."

त्यांची कचेरी दालनाला लागूनच होती. मधली भिंत एकच. कचेरीत धुराचा उग्र दर्प होता, कारण व्यवस्थापकांची एक सिगारेट विझायच्या आत दुसरी पेटत असे. टेबलावर कागदांचा उकिरडा, खुर्चीवर धुतलेला सदरा, खिडकीची कडी निखळून लोंबत असलेली आणि सुतळीने बांधलेली. भिंतीलगतच्या उंच कपाटापुढची जमीन मात्र लख्ख झाडलेली होती.

"मग ती मूर्तीखाली कशी आली?"

"ते त्या मंडळींना विचारा. परवा दालनात खुंटीला अडकवली आणि विसरलो. काल संध्याकाळपासून मी मुलीकडे होतो, नातवाला ताप होता. तिथून आज थेट निरोप आल्यावर आलो. व्याही, डॉक्टर, शेजारी, कुणालाही विचारा." त्यांनी धूर सोडला. "मॅडम, सरळ आहे. लाकूड जुनं, आतून पोखरलेलं. बाबा आपल्या मर्जीनं गेले. आणि सकाळी ते पाहिल्यावर कुणाच्या तरी डोक्यात आलं की आता खापर फोडायला एक डोकं हवं. माझं टक्कल सोयीचं."

बाईंना हसू आले नाही. माणूस आपल्या निरपराधपणाबद्दल इतका मोकळा बोलू लागला की त्यांना नेहमीच अस्वस्थ वाटे.

"मूर्ती पोखरलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अंदाज हो, अंदाज," व्यवस्थापक घाईने म्हणाले.

बाई उठल्या. दाराशी त्यांनी वळून विचारले, "खिडकी दुरुस्त नाही करून घेत?"

"वेळ कुठाय?" व्यवस्थापक म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांची नजर बाईंच्या नजरेला भिडली नाही.

३

चष्मेवाल्या रहिवाशाला सगळे मास्तर म्हणत. शाळा सुटून वर्षे लोटली होती, पण समोरच्याला वर्गात बसवायची खोड सुटली नव्हती.

"मी बाबाबिबा मानत नाही, आधीच सांगतो," मास्तर म्हणाले. "या लाकडी माणसानं गरिबांना गप्प बसवलं. तो उभा आहे ना, मग आपण कशाला उभं राहायचं? हे मी आक्काच्या तोंडावर म्हणतो."

"म्हणतो, आणि वर बाबांच्या पायाशी विड्या फुंकतो!" आक्का कडाडल्या. त्या पूर्वी इस्पितळात आया होत्या. आता रोज सकाळी कैवाऱ्याची धूळ पुसत आणि रात्री त्याच्यासमोरच अंथरूण टाकत. "हल्ली कोनाड्यात डोकं घातलं की धुराचा वास. दुसरं कोण असणार?"

"आक्का, छातीच्या दुखण्यानं मी विडी सोडली, तेव्हा तुझे सगळे केस काळे होते!"

"छत्रीचं बोला," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. "छत्री काल रात्री खुंटीलाच होती. दिवा मालवताना मी पाहिली. व्यवस्थापक त्याआधीच गेले होते. मला तो माणूस आवडत नाही, बाई. पण छत्री त्यानं नाही ठेवली."

भिंतीकडून कुजबुज उठली. "मास्तर, कुणाच्या बाजूचे तुम्ही?" कुणीतरी म्हणाले.

मास्तरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. व्यवस्थापक सुटत होते, आणि त्यांच्याबरोबर आसराही हातातून सुटत होता, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळले होते.

"आक्का, दालन रिकामं कधी असतं?"

"कधीच नाही. दिवसभर बायका इथं पोती शिवतात. रात्री मी. पहाटे नळावर जाते तेवढाच वेळ."

म्हणजे निजवायला तेवढा वेळ पुरेसा होता. पण भरीव लाकडाचे पाय दोन्ही घोट्यांवर इतके नेमके तुटावेत कसे? बाईंनी केसांतला आकडा काढला आणि कोनाड्यातल्या उजव्या पावलाच्या तुटलेल्या भागावर टोचून पाहिला. जुने, कुजके लाकूड दिसत होते.

आकडा लोण्यात जावा तसा आत गेला.

४

ते कुजके लाकूड नव्हतेच. लाकडाच्या भेगा बुजवायला सुतार भुसा कालवून लांबी भरतात, ती होती. आणि अजून वाळलेली नव्हती. बाईंनी ती उकरली. खाली बोट जाईल एवढे गोल, गुळगुळीत भोक होते. डाव्या पावलातही तसेच.

किडा असे भोक पाडत नाही. हे गिरमिटाचे काम होते.

आसऱ्यात सुतार एकच होता. सगळे त्याला काका म्हणत. तो मागच्या अंगणात पाटावर बसून एका खुर्चीचा पाय तासत होता. आज, अशा दिवशी. त्याच्या मागे दोरीवर एक करडी घोंगडी झटकून वाळत घातलेली होती.

"काका, लांबी छान बसवलीत," बाई म्हणाल्या. "वाळायला मात्र वेळ दिला नाहीत."

त्याच्या हातातला रंधा थांबला.

"आणि घोंगडी अंथरलीत. शत्रूनं पाडली असती तर नाक राहिलं नसतं. तुम्हाला त्याचं नाक मोडवेना, तिथंच तुम्ही सापडलात."

काकाने मांडीवरची लाकडाची सालपटे झटकली. "भोकं मी नाही पाडली," तो म्हणाला. "बाकीचं सगळं मी केलं."

५

चार-पाच दिवसांपूर्वी काकाला बाबा जरा पुढे कलल्यासारखे वाटले. आक्का नळावर गेल्यावर त्याने दिवा धरून बाजूने कोनाड्यात डोकावून पाहिले, तर घोट्यांच्या मागच्या बाजूला भोके होती.

"मग बोंब का नाही मारलीत?"

"बाई, या घरात गिरमिट कुणाकडं आहे? माझ्याकडं. मी बोंब मारली असती, तर पहिला दगड मलाच बसला असता. बाबा आज ना उद्या आपोआप पडणार होते, आणि आपोआप पडले की सगळे रस्त्यावर. तेव्हा म्हटलं, आपणच उतरवून ठेवू, भोकं बुजवू, आणि पाडल्याचा आळ येऊ दे त्याच्यावर."

"व्यवस्थापकांना? तेच कशावरून?"

"माझं गिरमिट त्यांनी नेलं होतं. खिडकीची कडी बसवायचीय म्हणाले. बरेच दिवस ठेवून घेतलं." काकाने मान हलवली. "पण साक्षीला कोण होतं? मी आणि ते. माझ्या शब्दाला किंमत किती?"

सुतळीने बांधलेली कडी बाईंच्या डोळ्यांपुढे आली. गिरमिट गेले होते. कडी बसली नव्हती.

"तुम्ही काय करून ठेवलंत, कळतंय का?" त्यांचा आवाज नकळत चढला. "खरा पुरावा बुजवलात आणि खोटा मांडलात. छत्री खोटी ठरली, आणि तिच्या आडून तो माणूस साळसूदपणे घरी चाललाय!"

काकाने रंधा बाजूला ठेवला.

"भोकांची गोष्ट मी सांगू शकते. पण लांबी कुणी भरली, छत्री कुणी ठेवली, हे सांगितल्याशिवाय ती कुणाला पटणार नाही. ते तुम्हाला सांगावं लागेल. सगळ्यांसमोर."

"बाबांना मी खाली ओढलं, हे?" तो जवळजवळ कुजबुजला. "माझी बायको याच घरात गेली, बाई. आक्कानं तिचं सगळं केलं. त्या आक्कासमोर?"

बाईंना त्याची दया आली, आणि त्याच क्षणी संशयही. हा माणूस खरे बोलतो आहे की आणखी एकदा नीट लांबी भरतो आहे? भोके त्यानेच पाडली नसतील कशावरून? गिरमिटाच्या उसनवारीला साक्षीदार नाही, असे तो स्वतःच म्हणाला होता.

"एक तार द्या मला," त्या म्हणाल्या. "सरळ आणि ताठ."

६

बैठकीला विश्वस्तांचे अध्यक्ष आले. ते वकील होते. प्रत्येक शब्द चिमट्याने उचलून ठेवावा तसे बोलत. व्यवस्थापक त्यांच्या शेजारी बसले. समोर रहिवासी फरशीवर दाटीवाटीने बसले होते. कैवारी अजून आडवाच होता. आक्कांनी त्याच्यावर चादर घातली होती.

"पडला की पाडला, एवढंच सांगा," अध्यक्ष म्हणाले.

"आधी पोखरला, आणि मग निजवला. ही दोन माणसांची दोन कामं आहेत."

बाईंनी काकाकडे पाहिले. तो मान खाली घालून बसला होता. त्या वाट पाहत राहिल्या. आणखी काही बोलायचे नाही असे त्यांनी ठरवूनच ठेवले होते.

मग काका उठला.

त्याने सगळे सांगितले. घोंगडी, लांबी, छत्री. मध्ये कुठेही तो थांबला नाही. आक्काकडे मात्र त्याने एकदाही पाहिले नाही. तो बोलून संपला तेव्हा मागून कुणी ओरडले, "काढा याला बाहेर! यानंच पोखरलं असणार!"

"तेच तर मी म्हणत होतो," व्यवस्थापक हळहळले. "गिरमिटही त्याचंच."

"ते तुमच्याकडं नव्हतं?"

"मॅडम, मी गिरमिटानं काय करणार? दात कोरणार?"

काही जण हसले. बाई कोनाड्यापाशी गेल्या. "आक्का सांगतात, हे दालन कधी रिकामं नसतं. पहाटे नळाला जाण्याइतका वेळ मिळतो. भरीव लाकडात एवढी दोन भोकं हातानं पाडायला किती पहाटा लागतील? आणि रोजच्या रोज भुसा झाडून न्यायचा, तोही आक्का धूळ पुसायला येण्याच्या आत. पुढून हे जमणं नाही. शिवाय मूर्ती कोनाड्यात उभी असताना टाचेमागे गिरमिट धरायला जागाच नाही."

कोनाड्याची पाठ दगडी नव्हती, लाकडी फळीची होती. त्यांनी तार घेतली आणि पावलामागे त्या फळीवर टेकवली. फळीवर जुन्या खुंट्यांचे पुष्कळ व्रण होते. त्यांतला एक व्रण पावलाच्या भोकाच्या रेषेत होता. त्यातला कागदाचा बोळा ढकलत तार सरळ आत गेली. वीतभर गेली आणि पलीकडे कशावर तरी आपटली.

टक्.

"आक्का," बाई म्हणाल्या, "धुराचा वास कुठून येत होता, ते पाहायचंय? मास्तरांची माफी नंतर मागा. या फळीमागे कचेरी आहे. अध्यक्षसाहेब, तिथलं कपाट हलवायला सांगता?"

"त्या कपाटाची किल्ली..." व्यवस्थापक उठत म्हणाले.

"कपाट हलवायचंय. उघडायचं नाही."

कचेरीत जाऊन दोघांनी ते ओढले. मागच्या भिंतीतल्या फळीत, एकाशेजारी एक, दोन भोके होती. एकात सिगारेटच्या पाकिटातल्या चंदेरी कागदाचा बोळा कोंबलेला होता, दुसऱ्यातून दालनातली तार बाहेर आली होती. फटीत लाकडाची गोल सालपटे अडकली होती; झाडणाऱ्याचा हात तिथवर पोचला नव्हता.

व्यवस्थापक खुर्चीवर बसले ते बसलेच. सिगारेट त्यांच्या बोटांत तशीच जळत राहिली.

बाई मात्र अध्यक्षांकडे पाहत होत्या. अध्यक्षांना राग आला होता, शरम वाटली होती, सगळे काही होते. आश्चर्य तेवढे दिसत नव्हते.

७

"पोलिसांत कळवू," दालनात परत आल्यावर अध्यक्ष म्हणाले. "व्यवस्थापकांचं जे व्हायचं ते होईल. परंतु मी शब्दाचा बांधील आहे. दानपत्रात 'पाडू नये' असं लिहिलेलं नाही. 'उभा आहे तोवर' असं लिहिलंय. कारण काहीही असो, आज, बैठकीच्या वेळी, हा आडवा आहे. तशी नोंद मला करावीच लागेल. पुढं तुम्ही न्यायालयात जा."

"न्यायालयात? या बायका?" मास्तर उसळले. "निकाल लागेपर्यंत या कुठं झोपतील, तुमच्या व्हरांड्यात?"

चौकशीबाई काही बोलणार होत्या. कलमे त्यांना पाठ होती, आणि ती लागू करून घ्यायला किती काळ लागतो हेही पाठ होते.

काका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दाराकडे निघाला होता. त्याला कुणी वाट दिली नाही, कुणी अडवलेही नाही.

"कुठं चाललास?" आक्कांनी विचारले.

"जातो, आक्का. मी त्याला ओढलं."

"ते ऐकलं मी. कान शाबूत आहेत." आक्का कमरेवर हात ठेवून उठल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज तिखट होता. "ओढलंस, तर मग उभाही तूच करायचा. पाय कोण जोडणार? मी?"

"जोडतो की. पण मुरलेलं लाकूड पाहिजे, आतून दांडे घालावे लागतील, दिवस जातील. आत्ता नुसता ठेवला तर क्षणभरही टिकायचा नाही."

"टिकेल. धर तिकडून."

काकाने पिशवी खाली टाकली. दोघांनी चादरीसकट कैवाऱ्याला उचलले, आणि पोती शिवणाऱ्या बायका न सांगता पुढे झाल्या. घोटा घोट्याला भिडला. काकाने खांदा छातीला लावला, आक्कांनी कंबर धरली, आणि हात पसरलेला तो लाकडी हमाल कोनाड्याच्या ओळीखाली पुन्हा उभा राहिला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिले. "हा स्वतः उभा नाही. याला धरलंय."

"स्वतः उभा, असं कुठं लिहिलंय?" चौकशीबाईंनी विचारले. "शब्दाचे बांधील आहात ना? वाचा. मोठ्यानं वाचा."

अध्यक्षांनी वर पाहिले. त्यांनी ती ओळ मनातल्या मनात वाचली, पुन्हा वाचली. मोठ्याने वाचली नाही. लेखणीचे टोपण त्यांनी उघडले होते, ते बंद केले. "बैठक तहकूब," ते म्हणाले. "मूर्ती दुरुस्त होऊन पाहणी होईपर्यंत."

"आणि तोवर तुम्ही असेच धरून बसणार?" जाताजाता त्यांनी विचारले. त्या प्रश्नात खोच होती, की नुसते कुतूहल, हे बाईंना ठरवता आले नाही.

"पाळ्या लावू," आक्का म्हणाल्या.

खरोखरच पाळ्या लागल्या. चौकशीबाई कागद आवरेपर्यंत दोन पाळ्या बदलल्या होत्या. मागून ओरडणारा माणूस काकाला न बघता त्याच्या शेजारी येऊन खांदा देऊन गेला होता. मग आक्कांनी बोट रोखले ते मास्तरांवर.

"मी?" मास्तर म्हणाले. "मी याला मानत नाही, साऱ्या गल्लीला ठाऊक आहे."

"तुला मानायला सांगितलंय कोणी? धरायला सांगितलंय."

मास्तरांनी चष्मा खिशात ठेवला, बाह्या सरसावल्या आणि कैवाऱ्याच्या छातीला पाठ लावली. थोड्याच वेळात त्यांचा चेहरा लाल झाला.

"आक्का," ते दात आवळून म्हणाले, "हा हमाल भलताच जड आहे."

"बोलू नकोस. श्वास सांभाळ," आक्का म्हणाल्या, आणि दुसऱ्या बाजूने त्यांनीही खांदा लावला.